मोकळ्या साइटींवरचं सोप्पू

बेंगळूरहून परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय, लालबाग बघितली का?" बघितली बाबांनो. फुलं छान होती, गर्दी फार होती, आणि तिथली भेळ आपल्या भेळेच्या पासंगालाही पुरत नाही. पण त्या गावात मी डोळे भरून काय बघितलं असेल तर मोकळ्या साइटी. साइट म्हणजे तिकडच्या भाषेत घर बांधायचा प्लॉट. लोकांनी घेऊन ठेवलेल्या, दगड रोवून सोडून दिलेल्या, गवतानं माजलेल्या साइटी. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसले आहे.

मी बागायतदारीण बाई. तासगावकडं आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मला थोडी सवड मिळते आणि त्या सवडीत मी दरवर्षी डबे-बरण्यांची आवराआवर करते. यंदा ते सगळं बाजूला ठेवलं, कारण अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर जतच्या पलीकडं, अगदी सीमेवर, त्यामुळं कन्नड आम्हा दोघींच्या कानावर लहानपणापासून. तेवढ्या भांडवलावर तिला बेंगळूरच्या मराठ्यांत दिली. दाजींच्या घराण्याला तिकडं जाऊन पिढ्या लोटल्या. चिकपेटेत कापडाचं दुकान, आणि आता जे. पी. नगरच्या अगदी शेवटच्या टोकाला नवं घर. तर अक्का फोनवर बोलताना मधेच थांबायला लागली होती. दोन वाक्यं बोलायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. म्हटलं, आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. सांगलीहून गाडीत बसले आणि गेले. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

सोमवार, जे. पी. नगर

दारात अक्का उभी होती ती नाकाला रुमाल लावून. मी पिशव्या टाकून तिच्या गळ्यात पडणार, तर ती आधी म्हणते, "आत ये, आत ये, दार लावू दे." ऐन श्रावणात, अशा गार हवेत, घराच्या सगळ्या खिडक्या बंद! टेबलावर, देवघराच्या कोनाड्यात, उशाशी, जिथं बघावं तिथं तिचा तो इनहेलर. माझी धिप्पाड बहीण, जी विहिरीवरून एका दमात घागर आणायची, ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून घेत होती. मला रडूच आलं. ती म्हणाली, "रडू नको गं, मलाही रडायला लावशील, आणि रडले की धाप लागते."

कारण घरासमोरच होतं. आपण ज्याला गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो ते. समोरची साइटींची अख्खी ओळ छातीएवढ्या गवतानं भरलेली, वर पांढरी बारीक फुलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या फुलांच्या परागानं हिचा दमा उठतो. दाजींच्या गळ्यावर आणि कोपरांवरही त्याच गवताचे खाजरे चट्टे. गवताशी त्यांचं वैर होतं ते उगाच नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

"काळजी करू नको सुमन," दाजी म्हणाले. "बंदोबस्त केलोय. असोसिएशनचा सेक्रेटरी मीच. मागच्या बाजूच्या साइटींवर कालच औषध मारवून घेतलं. पुढची ओळ ह्या रविवारी. मग बघ, तुझी अक्का खिडकीत बसून कॉफी पिईल. सरी?"

सरी म्हणजे तिकडचं 'ठीक'. मी म्हटलं, "सरी." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या बागेतही तणनाशक मारतात.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "सोप्पूऽऽ, बेरके सोप्पूऽऽ!" अक्काचा चेहरा उजळला. गौरम्मा आली होती. डोक्यावर टोपली, कमरेला ओचा, पायात काही नाही. बेरके सोप्पू म्हणजे मिसळीची पालेभाजी. आपल्याकडं भाजी एकेकटी शिजते. तांदुळजा तो तांदुळजा, घोळ ती घोळ, त्यांची गाठ पडत नाही. तिकडं मूठमूठ करून दहा जातींचा पाला एकाच टोपलीत. त्यात तांदुळजा होता, घोळ होती, कुर्डू होती, चंदनबटवा होता आणि काही असे की ज्यांची नावं मला कन्नडमध्येही ठाऊक नाहीत. ह्यातलं काहीच कुणी पेरत नाही. पावसानंतर बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या साइटींवर उगवतं ते ह्या बाया पहाटे खुडतात.

दुपारी त्याचं मस्सोप्पू झालं. पाला आणि डाळ एकत्र शिजवून घोटायची आणि वर लसणीची सढळ फोडणी. सोबत नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा, त्याला मुद्दे म्हणतात. मी घास चावायला लागले तर दाजी हसून हसून बेजार. "चावायचं न्हवं ते, गिळायचं!" नाचणी गिळायची? आमच्याकडं असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढतील. पण गिळून बघितलं, आणि काय सांगू, दोन गोळे कधी गेले कळलं नाही. मस्सोप्पू मी तीनदा मागून घेतलं.

बुधवार, घरामागं

सकाळी पाय मोकळे करायला घराच्या मागच्या रस्त्याला गेले. अक्का येणं शक्यच नव्हतं. मागच्या साइटींवर दाजींचा बंदोबस्त दिसत होता. गाजरगवताचे शेंडे खाली झुकलेले, देठ पिळा घातल्यासारखे वाकडे, पानं आतल्या आत वळलेली. पाण्यावाचून सुकलेलं झाड असं दिसत नाही. बागेत हे मी शंभरदा बघितलंय, त्यामुळं मान डोलावली आणि पुढं निघाले.

आणि पुढं कोपऱ्यावर गौरम्मा बसलेली, पाला खुडत.

मी धावतच गेले. "अगं, इथलं काय घेतेस? इथं औषध मारलंय!"

ती हसली. "ते तिकडं मारलंय अम्मा, ते वाळलंय की. वाळलेलं आम्ही घेत नाही. हे बघा, कसं हिरवंगार आहे."

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि तांदुळज्याचं एक रोप हातात घेतलं. लांबून हिरवंगार, खरंच. पण अगदी शेंड्याची कोवळी पानं कडेनं मुडपायला लागली होती. औषध अंगावर पडल्याबरोबर झाड सांगत नाही. आधी एक-दोन दिवस ते जसंच्या तसं ताजं दिसतं, आणि फवारा वाऱ्यानं उडून बाजूच्या पाल्यावर थोडा पडला असेल तर आणखी उशिरा कळतं. आमच्याकडं ज्या बागेत मारलं त्या बागेची भाजी कुणी तोंडात घालत नाही, म्हणून हा प्रश्नच आमच्यापुढं कधी येत नाही. इथं मारणारे वेगळे आणि खुडणारे वेगळे, आणि एकमेकांना सांगायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

"सोमवारचं कुठलं होतं?" मी विचारलं.

"इथलंच की. हे चांगलं आहे म्हणून अक्कांना मुद्दाम इथलं दिलं."

रविवारी दाजींनी मारलं, सोमवारी गौरम्मानं खुडलं, आणि सेक्रेटरीसाहेबांनी स्वतः दोन वाट्या ओरपलं! आणि मी तर ते मस्सोप्पू तीनदा मागून घेतलेलं. अक्काच्या फुफ्फुसासाठी जे मारलं ते अक्काच्याच ताटात. संताप आला मला, आणि कुणावर काढायचा ते कळेना.

गौरम्मानं तळवे दाखवले. बोटांच्या बेचक्यांत सालं निघालेली, मधे मधे लाल. डोळेही चुरचुरतात म्हणाली. आता ते गाजरगवतानं, की औषधानं, की दोन्हींनी, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मी डॉक्टर नव्हे. पण ती ज्या डबक्यात सोप्पू धुते ते तिनं मला दाखवलं. साइटींच्या उताराला पावसाचं पाणी साठून झालेलं. कडेला औषधाचा रिकामा डबा पडलेला. पंपवाला रविवारी पाठीवरचा पंप तिथंच खळखळून घेतो.

"आणि विकून उरलं तर?" मी विचारलं.

"उरलं तर घरी. माझी लेक आलीय की बाळंतपणाला, सातवा लागलाय. पालेभाजी चांगली ना अशा वेळी. रोज तिला वाडगाभर देते."

ती हे मोठ्या कौतुकानं म्हणाली. मग सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या जतच्या कन्नडमध्ये, आणि तिला ते समजलं. टोपली तिनं तिथंच पालथी केली. पाला तुडवला. मग म्हणाली, "मागच्या साइटी गेल्या. तळ्याकडं बंगले उठले. आता फक्त पुढची ओळ राहिली, अक्कांच्या घरासमोरची. तिथलं चालेल ना?"

पुढची ओळ. ह्या रविवारी.

"चालेल," मी म्हटलं. "मी बघते."

चुकलेली फेज

त्याच दुपारी जेवताना मी दाजींपुढं विषय काढला. त्यांचं कबूल करायला हवं, त्यांचा हात एकदम थांबला. ताटाकडं बघितलं, अक्काकडं बघितलं. पण मग गडी सावरला. "आयतु, झालं तर, आता गौरम्माकडून घेणं बंद. मार्केटातून आणू."

"आणि तिच्या लेकीनं काय खायचं?"

"सुमन, साइट काय गौरम्माच्या नावावर आहे? आम्ही बोर्ड लावू, औषध मारलंय म्हणून."

"तिला वाचता येतं का?"

"मग काय करू मी?" दाजींचा आवाज चढला. "तुझ्या बहिणीला श्वास येत नाही, ते दिसत नाही तुला? तिच्यासाठीच करतोय ना मी हे? पिकनिकला जातोय काय?"

ते खोटं नव्हतं. अक्का खाली मान घालून भात कालवत होती. फक्त म्हणाली, "औषध मारल्यावर दोन दिवस मला जास्तच होतं." दाजी म्हणाले, तो वास असतो, स्वल्प दिवस. विषय तिथंच मिटला, म्हणजे त्यांच्या मते मिटला.

मी ठरवलं, नुसतं नको म्हणून भागायचं नाही. गवत जायला हवं आणि औषधही नको. आमच्याकडं बाया गवत कसं काढतात? पाऊस पडून गेला की ओल्या जमिनीतून मुळासकट उपटतात, फुलावर यायच्या आधी. इथं फुलं आली होती, तर हात आणि नाक झाकून काढायचं. खुरपी हवी, हातमोजे हवेत. दुसऱ्या दिवशी निघाले मार्केटला, एकटी, मोठ्या तोऱ्यात. जाणं ठीक झालं. खुरपी काही मिळाली नाही. तिचा तिकडचा शब्द मला येईना, म्हणून हातानं खुरपायचा अभिनय करून दाखवला तर दुकानदारानं आधी विळा दिला, मग कालथा दिला. शेवटी रबराचे हातमोजे तेवढे मिळाले. येताना रिक्षावाल्याला म्हटलं, "जे. पी. नगर." त्यानं विचारलं, "यावा फेज?" म्हणजे कुठला टप्पा. आता जे. पी. नगरला इतक्या फेज आहेत आणि सगळ्यांत गणपतीचं देऊळ आणि त्याच्यासमोर बेकरी आहे, हे मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं ते सांगितलं. एका भलत्याच फेजमध्ये, भलत्याच गणपतीसमोर उतरले आणि चांगली दुपार उन्हात भटकले.

पण त्या भटकंतीत एक बघितलं. तिथल्या एका साइटीवर गाजरगवताची पानं चाळणी झालेली, नुसत्या शिरा राहिलेल्या, आणि त्यांवर पांढुरके, काळ्या पट्ट्यांचे भुंगेरे बसलेले. शेकड्यांनी. एका झाडावर फूल म्हणून नाही! घरी पोचल्यावर दाजींना विचारलं तर म्हणाले, "हो, ते शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांनी मागं सोडलेले. पावसाळ्यात खातात. पण त्यांच्या भरवशावर कोण बसणार?" मी पुढच्या ओळीत जाऊन बघितलं. तिथंही होते, थोडे, पण होते. मागच्या फवारलेल्या साइटींवर एकही नव्हता.

शुक्रवारची मीटिंग

असोसिएशनची मीटिंग देवळाच्या ओट्यावर भरते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले आणि बसले. दाजींनी कपाळाला हात लावला.

मी उभी राहून सांगितलं. भुंगेरे खातात तेवढं खाऊ द्या, उरलेलं आपण उपटू, सुरुवात मी करते. आणि जोवर ह्या साइटींवरचं सोप्पू माणसं खातात तोवर तिथं औषध नको. माझं उत्तरेकडचं कन्नड ऐकून मागचे दोघं-तिघं हसत होते. हसू देत. मी वाक्य पुरं केलं.

अक्काच्या वरच्या मजल्यावर मुग्धा नावाची पुण्याची मुलगी भाड्यानं राहते, इलेक्ट्रॉनिक सिटीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. ती मराठीत म्हणाली, "काकू, तुमचा पॉइंट एकदम व्हॅलिड आहे, पण प्रॅक्टिकली उपटणार कोण? वी आर ऑल वर्किंग ना. आणि त्या बायकांना दुसरीकडून घ्यायला सांगता येईल की."

"कुठून?" मी म्हटलं. "तू सांग, मी गौरम्माला निरोप देते."

पण मीटिंगचं त्यानं काही अडलं नाही. हात वर झाले. रविवारी फवारणी ठरल्याप्रमाणे.

घरी येताना दाजी रस्त्याच्या पलीकडून चालत होते. फाटकाशी थांबून म्हणाले, "चार लोकांत माझी शोभा केलीस. पाहुणी आलीस, पाहुणीसारखी राहा."

"राहिले असते दाजी," मी म्हटलं, "पण पाहुणचार पोटात गेलाय माझ्या."

अक्कानं दारातून सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ही मला ओरडणार. तिनं फक्त विचारलं, "गौरम्माची लेक कितव्यात आहे म्हणालीस?"

"सातव्यात."

"हं," म्हणाली आणि दूध तापवायला आत गेली.

रविवार, समोरची ओळ

शनिवारी रात्रभर पाऊस पडला. माझ्या मनासारखा. जमीन लोण्यासारखी मऊ. उजाडताच मी दाजींचा जुना फुलशर्ट अंगात घातला, तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि समोरच्या ओळीत शिरले. गौरम्माही आली. तिला हातमोजे दिले, मी हाताला दुधाच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. गवत मुळासकट भसाभस येत होतं. बाजूबाजूनं उगवलेली घोळ आणि तांदुळजा आम्ही तशीच राखत होतो. आम्ही बोलत नव्हतो. आधी एक साइट, मग दुसरीची निम्मी. उन्हं वर येईपर्यंत माझी कंबर बोलायला लागली, पण अख्खी ओळ पुढं पसरली होती आणि ती आज संपणार नाही हे मला दिसत होतं. तरी थांबायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

न्याहारीच्या वेळेला पंपवाला आला. नागराज त्याचं नाव. हाफ पँट, पाय उघडे, डब्यातलं औषध बादलीत ओतून काठीनं ढवळायला लागला. आमच्याकडं फवारणाऱ्या माणसाला अंगभर कपडे घालायला लावतात आणि आंघोळ केल्याशिवाय घासाला हात लावू देत नाहीत. ह्यानं बिडी शिलगावली त्याच हातानं. मी ओरडले त्याच्यावर. तो बिचारा हसला.

दाजी आले, मागं असोसिएशनचे दोघं-तिघं. मुग्धा वरच्या गॅलरीत.

"सुमन, बाजूला हो."

"नाही होत."

"हे बघ, कपड्यावर उडेल."

"उडू दे."

दाजींनी माझ्याशी हुज्जत घातली नाही. शहाणा माणूस. नागराजला म्हणाले, "त्या टोकाकडून सुरू कर." आणि मी एकटी, टोकं दोन. मी गौरम्माकडं बघितलं, ती माझ्याकडं. नागराज पंप पाठीला लावून त्या टोकाला चालत निघाला.

तेव्हा फाटक वाजलं.

अक्का. नाकाला रुमाल नाही, काही नाही. निळी साडी, पदर खोचलेला. घरातून बाहेर पडून तिला किती महिने झाले होते देव जाणे. रस्ता ओलांडला आणि सरळ त्या टोकाला, नागराजच्या पुढ्यात, छातीएवढ्या गवतात शिरली. तिच्या हालचालीनं फुलांचा पांढरा भुगा सगळीकडं उडाला.

"अगं, वेड लागलं काय तुला!" दाजी धावले. "बाहेर ये! बाहेर ये आधी!"

"माझ्या नावानं मारताय ना?" अक्का म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मग माझ्यावरच मारा. माझ्यासाठी दुसऱ्याच्या लेकीला कशाला?"

"तुला श्वास यायचा नाही!"

"माहीत आहे मला."

मी ओरडत होते, "अक्का, ये बाहेर, मी आहे ना!" मला हे नको होतं. मला सगळं हवं होतं, पण हे नको होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. नागराजनं पंप पाठीवरून उतरवला, खाली ठेवला आणि दोन पावलं मागं सरला. पण अक्का हलेना. दाजी गवतात शिरले, तिचा हात धरला, आणि तेवढ्यात तिला खोकला सुरू झाला तो थांबेना. ओठ काळपट पडले. दाजींनी तिला उचललं. ह्या वयात, एवढ्या मोठ्या बाईला, त्यांनी लहान पोरासारखं उचललं आणि गाडीपर्यंत नेलं. मी मागं बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. इनहेलरचा काही उपयोग होत नव्हता. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

जवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांनी तिला लगेच आत घेतलं. सुई दिली, ऑक्सिजनचा मास्क लावला. दाजी आणि मी बाकावर, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दाजींच्या शर्टावर तो पांढरा भुगा तसाच, गळा लालबुंद झालेला, खाजवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"तुझ्या हट्टापायी," ते म्हणाले. "काही झालं असतं तर?"

"हट्ट माझाच होता," मी म्हटलं. "पण दाजी, तिला मी नाही पाठवलं. ती आपल्या पायांनी गेली." आणि मग मला रडू आवरेना, आणि दाजींनाही. आम्ही दोघं त्या बाकावर निलाजऱ्यासारखे रडलो.

दुपारी नर्सनं आत बोलावलं. अक्काचा चेहरा उतरला होता, पण ओठांवर रंग आला होता. आम्हाला बघताच तिनं मास्क नाकावरून काढला आणि हातात धरला.

"लाव तो," दाजी म्हणाले.

"मारलं का?" तिनं विचारलं.

"नाही. नागराज पंप तिथंच टाकून घरी गेला. मुग्धा गौरम्माबरोबर गवत उपटतेय म्हणे. आता लाव."

"आज नाही, की नाहीच?"

"अगं, आधी मास्क लाव, मग बोलू."

अक्कानं मान हलवली. मास्क तसाच हातात. छाती वरखाली व्हायला लागली होती, नर्स पुढं आली, तिलाही तिनं हातानं थांबवलं. ती दाजींकडं बघत राहिली. मी म्हणणार होते, अक्का, पुरे. दाजींनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"नाहीच," ते म्हणाले. "मी सेक्रेटरी आहे तोवर नाही. गवत मी स्वतः उपटतो. तुझी शपथ."

तेव्हा कुठं तिनं मास्क लावला.